उसना अंधार

तू जन्मलीस मेच्या वीस तारखेला.
बोत्सफ्योरला तोवर सूर्यानं
मावळणं सोडून दिलं होतं.
म्हणजे रात्र तुला ठाऊक असण्याचं
तसं काही कारण नव्हतं.

आरोग्यकेंद्रातली गुडवाइग आली,
दारात बूट काढले, तुला काट्यावर ठेवलं,
चार किलो नव्वद. मग वही उघडली.
"रात्री किती वेळा उठते?"
मी विचारलं, "रात्री म्हणजे कधी?"
ती हसली. पण काहीतरी लिहिलंन.

म्हणाली, अजून लहान आहे, घाई नको.
फक्त फरक शिकव.
दिवसा पडदे उघडे, भांडी वाजली तर वाजू देत.
रात्री पाजताना उजेड मंद,
बोलायचं नाही, खेळायचं नाही,
डोळ्यांत डोळे तर मुळीच घालायचे नाहीत.
मी मान डोलावली.
उजेड मंद!
जसं काही त्याचं बटण माझ्याच खोलीत होतं.

शेजारचा हाल्दान चंदेरी कागदाची
गुंडाळी घेऊन आला, मासळीच्या कारखान्यातली.
पस्तीस वर्षं तिथं कॉड सोलले त्यानं,
कागद कापतो तोही तसाच,
एका दमात, शेपटीपर्यंत.
स्टुलावर चढून त्यानं काचा झाकल्या.
"माझे तिघे असेच झोपवले," म्हणाला,
आणि उतरता उतरता,
"दोघं अजून झोपत नाहीत."

एका कोपऱ्यात सुईएवढं भोक राहिलं.
त्यातून आलेला ठिपका
एक वाजता कपाटावर,
दोनला पाळण्याच्या कडेवर,
तीनला तुझ्या गालावर.
चिकटपट्टी सापडेना.
मी भोकावर अंगठा दाबून उभी राहिले,
अख्खा सूर्य एका अंगठ्याखाली,
आणि पाय गार पडलेले.

तुझा बाप खेकड्यांच्या बोटीवर.
फोनवर कुजबुजायचा, "झोपली?"
सातशे मैलांवरून कुजबुजायचा,
आणि त्याच्या मागे समुद्रपक्षी
गळा काढून ओरडायचे.
त्यांनाही कुणी फरक शिकवला नव्हता.

सांगितल्याप्रमाणे
पाजताना मी तुझ्याकडे पाहिलं नाही.
कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथे पाहत राहिले.
तू पाहत होतीस.
हनुवटीखाली मला ते कळायचं,
ऊन लागल्यासारखं.

जुलैत तीन तास. मग साडेतीन.
एकदा पाच!
त्या पाचातले दोन मी
तुझ्या नाकापुढे तळहात धरून काढले.
वहीत लिहिलं, "प्रगती."

आणि मग ऑगस्टच्या शेवटी एकदा
हाल्दाननं कागद उतरवला.
चौकटीवर गोंद राहिला, तो अजून आहे.
अकरा वाजले, साडेअकरा,
आणि ती आली.
आधी कारखान्याच्या छपरावर,
मग धक्क्यावर, मग आपल्या काचेवर.
मी दिवा लावायला हात नेला
आणि तसाच मागे घेतला.

तू टक्क जागी होतीस.
भूक नव्हती. लंगोट कोरडा.
रडत नव्हतीस, हात-पायही हलवत नव्हतीस.
माझ्या चंदेरी कागदामागच्या अंधाराशी
हा ताडून पाहत होतीस बहुतेक.
धक्क्याच्या टोकाला हिरवा दिवा,
आणि त्याच्या बराच वर, बारीक, एक काहीतरी,
ज्याच्याकडे मीही तीन महिन्यांत
बघितलं नव्हतं.

नियम आठवले. मी बोलले नाही.
पाळण्याशेजारी सतरंजीवर आडवी झाले,
म्हटलं, पाच मिनिटं.

उठले तेव्हा सात वाजले होते.
तू तशीच, खिडकीकडे तोंड,
मूठ तोंडात, डोळे लाल,
राखण संपवून घरी निघालेल्या माणसासारखी.

गुडवाइगच्या वहीत रकाना होता,
"रात्री किती वेळा उठली?"
मी शून्य लिहिलं.
कोण, ते लिहिलं नाही.