भुकेलं पाणी

सोहारच्या बंदरामागे, रात्रपाळीला,
समुद्रातलं मीठ काढून झाल्यावर
जे पाणी उरतं, ते तसंच सोडता येत नाही.
इतकं स्वच्छ, की त्याला भूक लागते.
पाइपात सोडलं तर पाइप खातं,
सिमेंट खातं, पितळी नळाचं तोंड खातं.
म्हणून आधी त्याला चुनखडी चारायची.
मी चारते. त्याचाच पगार.

आईला हे फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
"म्हणजे पाण्याला चुना लावतेस तू."
तेवीस वर्षांत माझ्या नोकरीचं
इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं.
(दुसरा अर्थ तिच्या मनात नसावा.)

चिपळूणच्या कॉलेजात केमिस्ट्रीला आम्ही नऊजण.
इब्राहिम परकार आता दुबईत, देऱ्याच्या एका दुकानामागे
ऊद आणि गुलाबाचं जमवून देतो.
मालकानं नाकाचा विमा उतरवलाय म्हणतो;
थापा मारायची सवय जुनीच.
सुलभा पेठे शारजात घड्याळ लावून बसते,
गोळी किती मिनिटांत विरघळते ते बघत.
अनंत खेराडे वाळवंटात, तेलाच्या पाइपलाइनच्या कडेकडेनं,
लोखंड कुठं आतून झुरतंय ते शोधत हिंडतो.
गंज म्हणजे लोखंडाचं गावी परतणं, असं त्यानं एकदा लिहिलं होतं,
खाणीत होतं तसंच पुन्हा होणं.
स्वतः मात्र चार वर्षं गेलेला नाही.
बाकीच्यांचं ठाऊक नाही.
एकजण बँकेत आहे आणि सुखी आहे.

माझ्या हाताखाली बदरिया अल बलुशी. वय बावीस. नवी.
ब्युरेटची तोटी डाव्या हातानं सोडायला शिकतेय.
पाण्याचा जडपणा मोजायचा:
फ्लास्कमध्ये कोकमाच्या आगळासारखा लाल,
थेंब, थेंब, आणि मग निळा.
तिचा दर वेळी एक थेंब जास्त.
"निळा होईपर्यंत थांबले ना," ती कुरकुरते.
मला डेरवणकर सर ऐकू येतात, खडूनं पांढऱ्या झालेल्या बाहीसकट:
निळ्याची वाट बघू नका रे,
लाल कधी जातो ते बघा.

आणि त्याच आठवड्यात समुद्र लाल झाला.
शेवाळाची लाट. मेलेले मासे बंदराच्या भिंतीशी,
पाणी आत घेणारी दारं बंद,
टाक्यांत दोन दिवसांचा साठा.
आमच्या यंत्रांना कळलं मंगळवारी पहाटे.
बदरिया म्हणाली, आजोबांना रविवारीच कळलं होतं.
दार उघडून हुंगलं
आणि जाळं पुन्हा गुंडाळून ठेवलं.

लाल समुद्र मी पहिल्यांदा बघत नव्हते.
बाबा लोट्याला, रंगाच्या कारखान्यात.
दोरीवरच्या बनियनवरून आळीला कळायचं
आज कुठला रंग निघाला.
खाडीला त्याआधी कळायचं.
त्यावर घरात कुणी बोलत नसे.
माझ्या फीच्या नोटा त्याच रंगाच्या होत्या.
इथं निदान लाल कुणी केलेला नाही, असं मी म्हणणार होते.
मग आठवलं, उरलेलं खारं पाणी
आपण कुठं सोडतो.

तिसऱ्या रात्री दारं उघडली.
सगळे नमुने पुन्हा, पहिल्यापासून.
साडेचारला बदरियानं ब्युरेट भरली.
मी मागे उभी, तोंड बंद ठेवून.
तिनं थेंब सोडला. फ्लास्क फिरवला.
अर्धा थेंब काचेच्या टोकाला लोंबत होता,
तो तिनं धुण्याच्या बाटलीनं आत ढकलला;
हे मी शिकवलं नव्हतं.
तोटी बंद.
तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आकडा रजिस्टरात लिहिला. दोघींच्या सह्या.
गावात तेव्हा कुणीतरी उठून नळ सोडला असेल,
चहाचं आधण ठेवलं असेल,
आणि पाण्याला चव असते हे
त्याच्या मनातही आलं नसेल.
तसंच हवं.