कूलरसमोर

हसनबागेतल्या त्या खोलीत कूलर थेट बाजेवर सोडलेला,
वाळ्याचा वास, पत्र्यावर मे महिना.
चित्रा म्हणाली, "ताई, पिऊन नाही राहिली पोट्टी.
दोन घोट घेते, सोडते, थकते."
सासूचं एकच, "हिले दूधच नाही ना."
अळीव झाले, मेथी झाली, शतावरी झाली,
कोणी म्हणे दृष्ट, कोणी म्हणे ऊन बाधलं.

मी खाली बसले. म्हटलं, पाज माझ्यासमोर.

ओढलं. ओढलं. थांबली.
नाकपुड्या फुललेल्या,
बरगड्यांखाली खड्डा पडत होता, भरत होता,
आतून कोणी कापड ओढावं तसा.
पुन्हा तोंड लावलं
आणि कपाळावर दाणे आले,
केसांच्या रेषेपासून भुवयांपर्यंत,
बारीक, गार.

आता, नागपूरचा घाम मला माहीत आहे.
इथलं ऊन कोरडं, घाम दिसायच्या आत वाळतो,
पाठीवर नुसती मिठाची नक्षी उरते.
त्यात हे कूलरचं वारं.
बोटाने पुसलं. परत आलं.
सव्वा महिन्याची पोर
आईच्या मांडीवर पडल्या पडल्या
सेमिनरी हिल चढत होती.

मोबाइल लावून श्वास मोजले: अडुसष्ट.
झोपल्यावर पुन्हा: सहासष्ट.
झोळीचा काटा: जन्मताना अठ्ठावीसशे,
आज एकोणतीसशेही पुरते नाहीत.
माझ्या वहीत घामाला रकाना नाही.
समासात लिहिलं.

मेडिकलच्या ओपीडीत पोरसवदा डॉक्टरीण,
चष्म्याची काडी सेलोटेपने जोडलेली.
स्टेथो तळहातावर घासून गरम केला,
बराच वेळ ऐकलं, डोळे मिटून.
मग पोटावर उजव्या बाजूने
बोटं टेकवत टेकवत वर सरकली.
"यकृत खाली आलंय. हृदयाच्या पडद्याला
छिद्र असावं. इको करू. भरती आजच."

चित्राने एवढंच विचारलं,
"म्हणजे दूध होतं ना मले?"
"होतं की. ओढायची ताकद नव्हती तिच्यात."

ऑपरेशन कधी, ते कोणी सांगितलं नाही.
आधी वजन वाढू द्या म्हणाले.
व्हरांड्यात सासूने पोरीला घेतलं,
बोलली काही नाही,
पदराच्या टोकाने ते कपाळ टिपत राहिली.
चित्रा भिंतीला टेकून उभी,
झंपर दोन्हीकडे ओला.