मसाजीमामाचा गुडघा

चारठाण्याच्या बारवेत तीन दिवस
तिपाईवर लेसर गरगरत होता.
आता जिंतूरच्या लॉजवर, लाइन येते-जाते,
आणि माझ्याकडे चौदा कोटी ठिपके आहेत,
एकालाही शेजारी ठाऊक नाही.

तीन आकडे आहेत प्रत्येकाकडे, चौथा थोडासा उजेड.
पायरी मात्र कुणालाच माहीत नाही.

म्हणून पेरायचं.
वीतभर अंतरावर एकेक बी,
आणि प्रत्येक बीनं भोवतीचे ठिपके गोळा करायचे:
जवळचे, त्याच रंगाचे,
त्याच दिशेला तोंड केलेले.
वाफे पडत जातात, लहान लहान.
अट एकच, वाफ्यानं कड ओलांडायची नाही.
पायरी ती पायरी, कोनाडा तो कोनाडा,
शेवाळ...
शेवाळाचं अजून ठरत नाही.

रात्री दीडला पडद्यावर वाकळ पसरली, ठिगळाठिगळांची.
आणि सातव्या पायरीवर एक हिरवं ठिगळ
दगडातून वर चढत गेलेलं.
मोठं करून पाहिलं. मसाजीमामाचा गुडघा.
तंबाखू मळायला टेकले असतील
तेवढ्यात किरण फिरला.
धोतर आणि दगड, दोन्ही धुळीच्या रंगाचे,
दोन्ही उगवतीला तोंड करून बसलेले.
यंत्रानं तरी काय वेगळं करावं?

सकाळी त्यांना दाखवलं.
बराच वेळ बघून म्हणाले,
"हा मी हाव, ते ठीक.
पन हितं तू एकच रंग दिलाव बाई.
हे दोन दगडं हायेत."

सपाट भिंत. सांधा ना ठिपक्यांत, ना फोटोत.

खाली उतरलो. छिन्नीच्या मागच्या टोकानं
त्यांनी टक् केलं. वीतभर सरकून पुन्हा टक्.
पहिला दगड तोंडानं बोलला,
दुसरा पोटातून.
"ह्यो मागून बसवल्याला. आत चुना भरलाय."

ठिपक्याला पाचवा आकडा द्यावा म्हणते, आवाजाचा.
फाइलमध्ये त्याला रकाना नाही.
हातानंच रेघ ओढली, वाफ्याचे दोन केले.

गुडघ्याचं विचारलं.
नियमानं तो कचरा, पुसायचा असतो.
"ऱ्हाऊ दे की," मामा म्हणाले,
"वजन थोडंच पडायलंय पायरीवर."

अहवालात सातव्या पायरीची उंची
आता चार बोटं जास्त भरते.
खाली खुलाशाची ओळ आहे.
ती मी अजून लिहिलेली नाही.