दारात चला

बत्तीस वर्षं हेच सांगत आलो,
बाई, आत बघून घेऊ नका, दारात चला.
ट्यूबलाइट खोटं बोलते.
निळी म्हणून नेलेली घरी हिरवी निघते
आणि शिव्या आम्हाला.

मग दुकान मिटलं.
बाळगोंडाशेठच्या पोरानं मागचं गोडाऊन
पद्मजा मगदूमला भाड्यानं दिलं,
आणि गोडाऊनबरोबर मलाही,
किल्ली माझ्याकडं होती म्हणून.

खिडकी नाही. भिंतीवर पुराची रेघ, माझ्या कानाएवढी.
जिथं इरकली लागायच्या त्या फळ्यांवर
आता ट्रे, कोकोपीट, ढोबळी मिरचीची रोपं,
दोन दोन पानांची, तुंगच्या शेडनेटवाल्यांनी आधीच सांगून ठेवलेली.

तिच्या वहीत आकडे : सहाशे साठ. साडेचारशे.
मला वाटलं, सुताचा काउंट.
म्हटलं, साठचा माहीत, ऐंशीचा माहीत,
सहाशे साठचा कुठल्या मागावर?
ती हसली नाही.
म्हणाली, काका, ही पण लांबीच. लाटेची.

आधी नुसता लाल लावला.
मिरजेचा वायरमन म्हणाला होता, लालसारखा नाही.
आठवड्यात रोपं उंच,
लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या पोरांसारखी,
टाचा वर, माना ताणलेल्या, अंगात काही नाही.
पंखा लावला तर निम्मी आडवी.

मग नुसता निळा.
बुटकी, जाड पानांची, गच्च बसलेली,
दिवाळीच्या आदल्या दिवशी
शेठकडं उचल मागितल्यावर
शेठ बसायचे तशी.

मग दोन्ही मिळून.
सगळी खोली जांभळी.
चहावाला पोरगा उंबऱ्यातच थांबला,
काका, आत डीजे हाय काय?
माझे हात जांभळे, चहा काळा, पानं काळी.
पद्मजा मात्र खूश. उंची बरोबर, खोड बरोबर,
वहीत सगळं बरोबर.

तेराव्या दिवशी मी एक ट्रे उचलला
आणि दारात नेला.
कारण काही नव्हतं. हाताची सवय.

पानांवर पिवळे ठिपके, उलटून बघितलं तर कोळी,
बारीक जाळ्यासकट.
आत ते दिसणारच नव्हते,
त्या उजेडात पिवळं पिवळं नसतंच.
अकरा ट्रे कचऱ्यात गेले.
ती पायरीवर बसून राहिली. मी काही बोललो नाही,
माझं बोलणं बत्तीस वर्षं आधीच बोलून झालेलं.

आता पांढरा आहे, त्यात लालाची किंचित छटा.
बिल जरा जास्त येतं.
मी विचारलं, पांढऱ्यात हिरवा पण आला,
पान तर हिरवा परत करतं म्हणतेस, मग फुकटच की तो?
म्हणाली, सगळा नाही परत करत.
खालच्या पानापर्यंत पोचतो तो तोच.
आणि काका, आपल्याला दिसायला नको?

हे मात्र मनात राहिलं.
गिऱ्हाईक शंभर रंग उलगडायला लावतं,
लाल ठेवून घेतं, निळा ठेवून घेतं,
एक तेवढा सरकवून देतं, हा नको.
आणि पानाला आपण
त्यानं नको म्हटलेल्या रंगानं ओळखतो.

टायमर सोळा तासांचा. पुढचे आठ तास अंधार,
तोही मापूनच द्यायचा.

परवा रात्री, दिवे जायला थोडा वेळ होता,
फटीतून उजेड बघून एक बाई आत आल्या.
वाटलं, दुकान पुन्हा उघडलं.
ट्रेवर पदर धरला.
म्हणाल्या, ओळखलीत का? तुम्हीच दिलेली,
दारात नेऊन निळीच आहे म्हणून सांगितलेली.
इथं बघा की कशी दिसतेय.

मी पदर हातात घेतला. एकदा असा, एकदा तसा.
आणि म्हणालो,
दारात चला.

बाहेर रात्र होती.