फाईल

शालिमारहून कॅनडा कॉर्नरला येताना
शेअर रिक्षात राहिली फाईल.
निळी, नाडीची, एकोणीस वर्षांच्या चिठ्ठ्यांनी फुगलेली.
हे कळलं तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर
डॉक्टर बोरस्त्यांच्या समोर बसून
पर्समधून काढत होते
मंगळवारपासून हरवलेली घराची किल्ली,
चिवड्याची पुडी, भरायचं राहिलेलं वीजबिल.
फाईल सोडून सगळं.

“असू दे,” त्या म्हणाल्या, “आठवेल तेवढं सांगा.”

आठवतं मला सगळं.
विसरते फक्त, आत्ता हातात काय आहे ते.

आधी थायरॉइड.
रिपोर्ट नॉर्मल आला तरी गोळी दोन वर्षं चालूच राहिली.
मग डिप्रेशन. ते होतंही,
पण नळ उघडा राहून घरात तळं साचावं तसं.
सगळे पाणी उपसत होते.
मग सातपूरच्या डॉक्टरांनी अकरा मिनिटांत बायपोलर लिहिलं
कारण मी भराभरा बोलत होते.
(बाहेर तेवीस पेशंट होते, म्हणून भराभरा.)
त्या गोळ्यांनी बोटं थरथरायची,
पतपेढीत नोटा मोजताना
एकाच बंडलाची तीन उत्तरं यायची.
दोनदा पदरचे घातले.
तिसऱ्यांदा राजीनामा.

सासूबाईंनी त्र्यंबकला नागबळी करवला.
संकल्प चालू असताना मी
समोरच्या समईच्या वाती मोजत होते,
गुरुजी हेमराजला म्हणाले,
“यांचं लक्ष नाही.”

एकोणीस वर्षांत
बरोबर निदान करणारे ते एकटेच.

“लहानपणी कशा होतात? कुणी सांगेल?”
भगूरला भावाला फोन लावला, स्पीकरवर.
“आता काय हरवलं?” जयवंतचं पहिलं वाक्य.
डॉक्टर हसल्या नाहीत. लिहून घेत राहिल्या.
चौथीत हिला दळणाला पाठवलं, तो सांगत होता,
तर डबा गिरणीत, पैसे गिरणीच्या ओट्यावर
आणि ही दिवेलागणीला दारणेच्या पुलावर,
खाली म्हशी किती ते बघत.
काळोखे बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं,
बुद्धी आहे, बूड नाही.
“घरात वर्षभर हसत होतो आम्ही त्यावर.”
मग तो थांबला.
“ही हसायची का, ते आठवत नाही मला.”

आणखी दोन भेटी, शंभरेक प्रश्न,
आणि एक नाव.
इंग्रजीत चार अक्षरी,
मराठीत इतकं लांब की डॉक्टर पूर्ण म्हणेपर्यंत
मी खिडकीतून बघत होते
समोरच्या होर्डिंगवर चढलेला माणूस
जुना नेता सोलून काढताना.
“ऐकताय ना?”
“हो,” म्हटलं. मग पहिल्यांदाच,
“नाही. परत सांगाल?”
आणि त्यांनी परत सांगितलं,
आवाज न चढवता.

हलकं वाटलं. जिना उतरेपर्यंत.
खाली रसाच्या गाड्यापाशी एकदम राग आला,
कुणावर ते ठरेना.
त्या अकरा मिनिटांवर?
पतपेढीतल्या खुर्चीवर, जिथे आता मेघना बसते?
की तेजूच्या पाचवीच्या नाटकावर,
ज्यात ती झाड होती
आणि मी गंगापूर रोडच्या दुकानात
तिच्यासाठीच हिरवी पानं निवडत राहिले,
नाटक संपेपर्यंत?
चरकातून तोच ऊस तिसऱ्यांदा घालत होता गाडीवाला.
मी रस घेतला नाही.
बहुतेक घेतला. पैसे दिल्याचं आठवतंय.

फाईल आली दीड महिन्यानं, सिडकोत, दारात.
रिक्षावाले काशिनाथ गांगुर्डे, सुरगाण्याला गावी गेले होते.
“उघडली नाही ताई, पण नाडी सुटली होती.
केवढी औषधं! आता बरं आहे ना?”
“आजारच वेगळा निघाला,” म्हटलं. “बसा, चहा टाकते.”

आत आले. ओट्यापाशी उभ्या उभ्या
फाईल उघडली, सहजच.
पहिल्या चिठ्ठीवर माझं वय चोवीस.

बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात उन्हं उतरली होती,
खुर्ची रिकामी.

आता त्यांना फोन करायचाय.
त्यांनी नंबर लिहून दिला होता, फाईलच्याच मागे.
फाईल घरातच आहे.
सकाळी पाहिली होती मी.