बहात्तर पोती

हवा पंखाला खालून उचलते,
म्हणून पंख उलटा टांगायचा
आणि वरून ओझं लादायचं:
एवढं इल्मोला समजावताना बाबांची कॉफी गार झाली.
म्हणजे आज माझे ओट म्हणजे आकाश? इल्मो म्हणाला.
हो, आई म्हणाली. पण वहीतल्या क्रमाने.

फेब्रुवारी. साविताइपालेचं तळं दगड झालेलं.
कोठारात हीटर, कारण इपॉक्सीला वीस अंश लागतात.
माणसांचं काय, माणसं टोपी घालतात.
चार हिवाळे इथे
पाइनच्या पट्टीवर पट्टी बसून तुळई झाली,
बर्चच्या प्लायच्या बरगड्या झाल्या.
दर वेळी कालवलेल्या डिंकातून बाबा
दोन फालतू तुकडे जोडून ठेवत
आणि सकाळी हातोड्याने फोडत:
लाकूड फाटलं तर ठीक,
सांधा सुटला तर बरगडी सौनाच्या चुलीत.
अशा तीन गेल्या.
त्या शनिवारी सौना काय तापला होता, आई अजून सांगते.

आकडे तिचे.
तीस वर्षं भूमिती शिकवून उरलेल्या चौकटीच्या वह्या.
माणसासकट विमान दोनशे चाळीस किलो,
म्हणजे बारा पोती.
वाऱ्याने धक्का दिला, बाबांनी घाबरून दांडी ओढली,
तर चौपट. अठ्ठेचाळीस.
आणि त्याच्या दीडपट, बहात्तर.
हा दीड कुठून आला?
मला जे माहीत नाही, त्याचा तो अर्धा, ती म्हणाली.
येईल न येईल अशा पाहुण्यासाठी
झाकून ठेवलेला राईचा पाव.
बाबा पुटपुटले, एकशहाण्याने पंख बांधू नये,
दीडशहाणंच हवं.

माझी जागा टोकाशी. पट्टी, पेन्सिल.
पोती मुळाशी दाट, माझ्याकडे येता येता विरळ.
बारा: अठ्ठ्याण्णव मिलिमीटर.
तीस: दोनशे पंचेचाळीस.
पंख हळूहळू कुणाला तरी वाकून नमस्कार करत होता.
अठ्ठेचाळीस: तीनशे शहाण्णव,
वहीत तीनशे नव्वद.
ते सहा आईने पुन्हा वाचून घेतले.

एकसष्टाव्याला
कड्.

इल्मोच्या खांद्यावरचं पोतं खांद्यावरच.
बाबांनी पंखाकडे पाहिलंच नाही, आईकडे पाहिलं.
तळं असेल, इल्मो म्हणाला, रात्री असंच तडकतं.
आता दुपारचे दोन वाजले होते.
आई गुडघ्यांवर बसली, तुळईला कान लावला,
टॉर्च तिरका धरून डिंकाची रेघ
मुळापासून माझ्या बोटांपर्यंत वाचत आली,
लाल पेन घेऊन वाचावी तशी.
मग उठली, गुडघे झटकले.
बासष्ट.

बहात्तराव्याला तीन सेकंद धरायचं असतं.
आईने एक दोन तीन मोजले
आणि कुणास ठाऊक का, चार, पाच.

उतरवलं तेव्हा पंख सरळ झाला,
फक्त दोन मिलिमीटर परत आले नाहीत.
घोडी दबली असतील, बाबा म्हणाले.
त्या दोनभोवती आईने गोल काढला.
उत्तर लिहिलं नाही. गोल अजून आहे.
इल्मोच्या घोड्यांनी वसंतापर्यंत ते आकाश खाऊन संपवलं.

जूनमध्ये, गवताच्या धावपट्टीवर,
ओढणाऱ्या विमानाचा दोर सुटला
आणि अडुसष्ट वर्षांचे बाबा आवाजाशिवाय वर राहिले.
आईने घडीची खुर्ची आणली होती.
डोळ्यांवर हात आडवा धरून
ती हळू आवाजात, स्वतःशीच:
बारा.
बारा.
लाकूडगिरणीवर ऊन तापलं होतं, तिथे बाबा कलले, गोल घेऊ लागले.
चौदा. सतरा.
इल्मोने मला कोपराने ढोसलं, माझीच ना?
मग ढगाच्या पोटाखाली कशानेतरी त्यांना उचललं,
दोन्ही टोकं वीतभर वर गेली,
चोवीस, आई म्हणाली,
आणि खुर्चीवरून उठून उभी राहिली.