दगडाक शेपूट

शिरोड्याच्या कॉलेजात मी प्रयोगशाळेत असते.
म्हणजे बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलते, बर्नर पुसते,
आणि वर्षातून एकदा अकरावीच्या पोरांसमोर
चिमूटभर मीठ ज्योतीत धरते.
ज्योत पिवळी होते.
पोरं दरवर्षी तितकीच गप्प.

हे मीठ दुकानातलं नाही,
बाबली रेडकरच्या आगरातलं.
गाव त्याला दगड म्हणतं.
भाऊ गेला तेव्हा बोलला नाही,
आगराचा अर्धा तुकडा गेला तेव्हाही नाही.
मीठ तेवढं मोजून देतो, पैसे न मोजता घेतो.

डिसेंबरची तेरावी रात्र.
खाजणाच्या बांधावर वही, टॉर्चला लाल कागद,
वाफ्यांत नुकतं घेतलेलं पाणी
आणि मानशीच्या फटीतून आत येणारी खाडी, थेंब थेंब.
पुनर्वसू माडांच्या वर आला
आणि सुरू झालं:
एक. मग बराच वेळ काही नाही. मग तीन, एकदम.
पाण्यात खालून वर पडल्यासारखे.

बाबली कधी येऊन बसला कळलं नाही.
एकोणचाळिसाव्याला म्हणाला,
"ह्ये खंयसून पडतत?"

मी सांगितलं.
एरवी अशा ठिणग्या शेंडेनक्षत्राच्या,
बर्फ वितळतो, धूळ मागे राहते,
आपण त्या धुळीतून जातो.
पण या रात्रीची आई म्हणजे एक दगड.
इथून जवळपास रेडी गाठेल एवढा.
दीड वर्षाच्या आत एक फेरी,
आणि प्रत्येक फेरीत बुधाच्याही आत,
सूर्याच्या अगदी चुलीपाशी.
तिथे त्याला दोन-चार दिवस शेपूट फुटतं.

"दगडाक खंय शेपूट येता?"

येतं. लोकांना वाटलं, धूळ असेल.
मग कुणीतरी पिवळ्या काचेतून पाहिलं:
धूळ नव्हे, सोडियम.
तुमच्या मिठातला अर्धा, बाबली.
तापल्यावर दगडातून सुटणारा.

तो हसला नाही. मी पुढे बोलत राहिले,
कारण अंधारात बोलणं सोपं जातं.
म्हटलं, एक हिशेब मात्र जुळत नाही.
आजचं ते शेपूट इतकं विरळ
की या एवढ्या ठिणग्यांना पुरणार नाही.
म्हणजे पूर्वी कधी काहीतरी मोठं फुटलं असणार,
हजार, दोन हजार वर्षांमागे,
कोणी बघत नसताना.

बाबलीने मानशीकडे पाहिलं.
दार थोडं खाली केलं.
परत येऊन उभ्या उभ्याच म्हणाला,
"मे म्हयन्यात येवन बघ माका."

वहीत एक रकाना होता: प्रकार.
लघुग्रह की धूमकेतू.
तो मी अजून भरलेला नाही.

मे महिन्यात गेले, प्रयोगशाळेचं मीठ आणायला.
दुपारचे दोन. वाफ्यांवर साय धरलेली,
डोळा उघडवेना इतकं पांढरं.
बाबली फावड्याने रास ओढत होता,
पाठ माझ्याकडे.
निळा शर्ट, आणि मानेपासून कमरेपर्यंत
वाळलेल्या घामाचा पट्टा,
वर रुंद, खाली निमुळता,
कडेला भुरभुर.

वळला नाही.
"दिसता?"

दिसतं, म्हटलं.

त्या दुपारी तो दगड मंगळापलीकडे होता.
थंड. शेपटीचा मागमूस नाही.
कुठल्याही यादीत चालून जाईल असा.
बाबलीने पिशवी भरली, तोंड सुतळीने बांधलं,
आणि पहिल्यांदाच पैसे मोजून घेतले,
सावकाश, दोनदा.